वासराच्या वाट्याचे दूध



शेतकी खात्याच्या माणसाने ऊस सोडून वासरावर लिहावे, हे काहींना रुचणार नाही. "तुम्ही आपलं बेण्याचं बघा, गोठ्याचं आम्ही बघतो," असे गट कार्यालयाच्या बैठकीत आम्हाला तोंडावर सांगणारे सभासद आहेत. त्यांचा राग नाही. पण शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बागायती गावांतून वर्षानुवर्षे फिरताना एक गोष्ट अशी डोळ्यांत खुपते की लिहिल्यावाचून राहवत नाही. उसाचा प्लॉट पाहायला गेलो की वाटेत गोठा लागतोच. दावणीला दोन-चार संकरित गायी, अंगाने भरलेल्या. गव्हाणीत मका, घास, वाढे. आणि कोपऱ्यातल्या खांबाला आखूड दाव्याने बांधलेले वासरू : केस राठ, पोट सुटलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. वय विचारावे तर मालक सहा महिने सांगतो. दिसते तीन महिन्यांचे.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. संकरित वासराची दूध तुटेपर्यंतची वाढ खुंटते, त्याला कारणे पुष्कळ आहेत. त्यांतली काही निसर्गाच्या हातातली आहेत. पण जी आपल्या हातातली आहेत त्यांत पहिले कारण हे, की त्याच्या वाट्याचे दूध आपण डेअरीच्या कॅनमध्ये ओततो. त्याला आपण बचत म्हणतो. हिशेब मांडला तर ती बचत नाही, घाटा आहे.

पान्ह्याचा हक्क गेला

आपल्या भागात गाईगुरे काही आजची नाहीत. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली, आणि तिच्यात गाईबैलांची हाडेही निघाली. आपल्या आजे-पणज्यांच्या दावणीला खिलार असे. खिलार गाय दूध बेताचेच देई. पण वासरू लुचल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे. वासरू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभे करावे लागे. त्यामुळे मालक कितीही चिकट असला तरी वासराला आचळाशी नेणे त्याला भागच होते. वासराचा वाटा गाईनेच राखलेला असे.

पुढे संकर आला. महात्मा गांधींबरोबर १९४६ साली उरुळीकांचनला आलेले मणिभाई देसाई तिथेच राहिले आणि १९६७ साली त्यांनी बायफ ही संस्था उभी केली. उरुळी म्हणजे आपल्या यवतच्या शेजारचे गाव. होल्स्टीन आणि जर्सी वळूंचे गोठविलेले वीर्य शेतकऱ्याच्या दारात पोचवण्याचे काम तिथून वाढले, आणि महाराष्ट्रातल्या अनेक सहकारी साखर कारखान्यांनी कृत्रिम रेतनाच्या केंद्रांना हात दिला. तिकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टीन आणि जर्सी अशा तिहेरी संकरातून फुले त्रिवेणी तयार केली. मणिभाईंना १९८२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या सगळ्या कामाने आपल्या घरात दहा-दहा दिवसांचा दुधाचा पगार येऊ लागला, हे विसरून चालणार नाही. आडसाली उसाचा पैसा पंधरा-अठरा महिन्यांनी दिसतो. तोवर घरचा किराणा, पोरांची फी आणि खताची उधारी गाईनेच सांभाळली आहे.

पण संकरित गाईचा एक गुण आहे, तोच वासराच्या मुळावर आला. तिला सवय लावली की ती वासराशिवाय पान्हा सोडते. हाताने काढा, यंत्राने काढा, तिची तक्रार नाही. म्हणून जन्मल्याबरोबर वासरू तोडून वेगळे पाजण्याची पद्धत आली. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. वासराला किती दूध गेले ते मोजता येते, गाईची कास बिघडत नाही, आणि वासरू दगावले तरी दूध आटत नाही. फक्त एक अट होती : जे दूध आचळातून मिळत होते ते बादलीतून मोजून द्यायचे. आपण वासरू तोडण्याचा अर्धा भाग घेतला आणि मोजून देण्याचा अर्धा भाग सोडून दिला.

निसर्गाच्या हातातले

आता वाढीवर परिणाम करणाऱ्या गोष्टी एकेक पाहू. होल्स्टीन संकराचे वासरू जन्मतः साधारण २५ ते ३५ किलोचे असते, जर्सी संकराचे त्याहून लहान. पहिलारू गाईचे वासरू हलके, तिसऱ्या-चौथ्या वेताचे भारी. गोऱ्हा कालवडीपेक्षा किलो-दोन किलोने जास्त. विदेशी रक्ताचे प्रमाण फार वाढवत नेले तर दूध वाढेल असे वाटते, पण आपला उन्हाळा आणि गोचीड त्या वासराला सोसत नाही. या गोष्टी वासरू जन्मले की बदलता येत नाहीत; रेतनाच्या वेळी डॉक्टरांना विचारून वळू निवडणे एवढेच आपल्या हातात.

मात्र जन्माचे वजन सगळे नशिबाचे नसते. गर्भाची खरी वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. नेमक्या याच दिवसांत आपण गाय पिळत राहतो. "अजून चार लिटर देतेय, कशाला आटवायची?" हे वाक्य आम्ही कितीदा ऐकले आहे. व्यायच्या आधी साठ दिवस गाय आटवली पाहिजे आणि त्या दिवसांत तिला पेंड व क्षारमिश्रण चालू ठेवले पाहिजे. आपण तर दूध बंद झाले की पेंड बंद करतो. भाकड गाईला नुसती वाढी आणि कडबा. तिथेच वासरू अर्धे उपाशी राहते, आणि चीकही पातळ उतरतो.

दोन तासांचा खेळ

मुलाला आईच्या पोटात असतानाच रोगाशी लढण्याची थोडी शक्ती मिळते. वासराला ती पोटात मिळत नाही. त्याला सगळी चिकातून घ्यावी लागते, आणि चिकातली ती शक्ती आतड्यातून रक्तात जाण्याची वाट पहिल्या काही तासांतच अरुंद होत जाते. चोवीस तासांनी ती जवळजवळ बंद होते. म्हणून पहिला चीक जन्मल्यापासून दोन तासांच्या आत पोटात गेला पाहिजे. पहिल्या दिवसाचा एकूण हिशेब वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे तीस किलोच्या वासराला निदान तीन लिटर, दोन-तीन वेळांत.

आपल्याकडे काय चालते? "वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही." रात्री दहाला व्यालेल्या गाईची वार सकाळी पडते, तोवर वासरू उपाशी. वार आणि चीक यांचा काहीही संबंध नाही. उलट कास मोकळी झाली तर वार पडायला मदतच होते. चीक घरोघर खरवसाला वाटला जातो, त्याला आमची ना नाही. खरवस आम्हालाही आवडतो. पण आधी वासराचे पोट, मग शेजारपाजार. शिवाय पहिल्या चार-पाच दिवसांचे दूध डेअरीला चालत नाही. जे विकताच येत नाही ते तरी वासराला पोटभर द्यायला काय हरकत आहे?

याच वेळी नाळ दोन-तीन बोटे ठेवून स्वच्छ ब्लेडने कापावी आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. नाळेतून जंतू शिरला की सांधे सुजतात, वासरू उठत नाही. आठ-पंधरा दिवसांनी ते गेले की आपण "नजर लागली" म्हणून मोकळे होतो. नजर नाही, नाळ.

दुधाचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. चिकाचे चार दिवस सोडून पुढे दोन महिने रोज तीन लिटर दूध, सकाळ-संध्याकाळ वाटून, आणि तिसऱ्या महिन्यात दोनावरून एकावर उतरत न्यायचे. बेरीज करा. दोन महिन्यांचे साधारण १६८ लिटर आणि तिसऱ्या महिन्याचे ४५ लिटर, मिळून २१३ लिटर. दर ३० रुपये धरला तर ६,३९० रुपये. हा आकडा ऐकला की सभासद चमकतात. ज्याच्याकडे एकच गाय आहे आणि तीही कर्जाची, त्याने चमकणे साहजिक आहे. दुधाचा भाव कधी पडेल याचा नेम नाही. २०२४ साली तर दर इतका घसरला की सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले. अशा वेळी वासराला तीन लिटर ओतणे जिवावर येते.

पण पुढचा आकडाही बघा. कालवड माजावर येते ती वयावर नव्हे, वजनावर. साधारण २५० किलोची झाली की तिला भरवता येते. तीस किलोच्या वासराला दीड वर्षात अडीचशे किलोवर न्यायचे म्हणजे रोज सरासरी ४०० ग्रॅम वाढ हवी. एवढी राखली तर कालवड सत्तावीस-अठ्ठावीस महिन्यांत व्यायला हरकत नाही. तीस महिने धरू. आपल्या गोठ्यांत साडेतीन वर्षांनी पहिल्यांदा व्यायलेल्या गाई थोड्या नाहीत. हा बारा महिन्यांचा उशीर. या बारा महिन्यांत ती रोज खातेच. चारा, पाणी, मजुरी मिळून दिवसाला ८० रुपये धरले तरी २९,२०० रुपये झाले. सगळा उशीर दुधापायी होतो असे आम्ही म्हणत नाही. पुढच्या वर्षात चाऱ्याची आबाळ होते, माज ओळखायचा राहतो, तेही आहे. पण यातला निम्मा उशीर जरी पहिल्या तीन महिन्यांच्या खात्यावर टाकला तरी १४,६०० होतात. सहा हजार वाचवायला साडेचौदा हजार गेले. शिवाय एका वर्षाचे दूध मागे पडले ते वेगळेच.

उसाच्या भाषेत सांगायचे तर, लागणीनंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत फुटवे गेले तर मोठ्या बांधणीला कितीही पोती ओता, गाळपाला ऊस भरत नाही. हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. नांग्या भरायला आपण रोपे आणतो, बेण्याला औषधात बुडवतो, टिपरी उलटी पडली तर मजुराला बोलतो. तेवढी काळजी दावणीच्या बेण्याला का नाही?

वाढे, सरकी आणि भरडा

वासराच्या चार पोटांपैकी जन्मतः फक्त शेवटचे काम करते. पहिले मोठे पोट, ज्यात चारा कुजून पचतो, ते तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात आणि ते तयार करते धान्याचा भरडा. नुसत्या चाऱ्याने पोट फुगते, पण आतून तयार होत नाही. पोट सुटलेले, मान बारीक वासरू दिसले की समजावे : दूध लवकर तोडले आणि वाढ्यांवर ढकलले.

दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर भरडा बादलीच्या तळाशी किंवा तोंडाला लावावा. मका भरडा ५० भाग, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड ३०, गहू कोंडा १७, क्षारमिश्रण २ आणि मीठ १, हे घरच्या घरी होते. पुढ्यात स्वच्छ पाणी सतत असावे. दूध देतोय म्हणून पाणी लागत नाही, ही समजूत खोटी. घासाची कोवळी काडी महिन्यानंतर थोडी थोडी. वासरू रोज पाऊण ते एक किलो भरडा सलग तीन दिवस खाऊ लागले की मगच दूध तोडावे, मग ते सत्तरव्या दिवशी असो वा नव्वदाव्या. दूध तोडण्याची तारीख भरड्याच्या भांड्यावरून ठरवावी. डेअरीच्या बिलावरून ती ठरवू नये.

दोन गोष्टी आपल्या भागासाठी मुद्दाम सांगतो. गाईची सरकी पेंड वासराला घालू नका. सरकीतले विष मोठे जनावर पचवते, कोवळ्या पोटाला ते पचत नाही. आणि युरियाची प्रक्रिया केलेला चारा सहा महिन्यांच्या आत अजिबात नको.

वाढ्यांबद्दल तर आम्हीच बोलले पाहिजे, कारण ती आपल्याच उसाची. गळीत हंगाम सुरू झाला की तोडणी मजुरांकडून पेंढ्या घेऊन महिनोन्‌महिने गाई वाढ्यांवर राहतात. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवते आणि कॅल्शियम अंगी न लागता बाहेर पडते. गाय खंगते, गाभातले वासरू हाडाने कच्चे राहते. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, क्षारमिश्रण चुकवू नये, आणि वाढ्यांबरोबर घास किंवा दुसरा हिरवा चारा द्यावा. लहान वासराला वाढी नकोतच.

ऋतू, जंत आणि बिबट्या

आपण पर्जन्यछायेतले लोक. पाऊस बेताचा, उन्हाळा कडक. मार्च ते मे या काळात जन्मलेले वासरू उन्हाने हापते आणि नेमका तेव्हाच हिरवा चारा आणि कॅनॉलचे पाणी दोन्ही ओढीचे असते. जुलै-ऑगस्टमध्ये जन्मलेले ओल्या जमिनीवर निजते; हगवण, रक्ती हगवण आणि फुप्फुसाचा दाह ही दुखणी त्या दिवसांत. ऑक्टोबरात जन्मलेल्या वासराला सगळ्यात सोयीचे दिवस मिळतात. गाईचे नऊ महिने नऊ दिवस धरले तर त्यासाठी जानेवारीत रेतन करावे लागेल. गाईचा माज आपल्या सोयीने येत नाही, हे खरे. पण पहिल्या कालवडीच्या बाबतीत महिना-दीड महिना मागेपुढे करता येतो, तेवढे करावे. ज्यांना करता येत नाही त्यांनी उन्हाळ्यात सावली व पाणी आणि पावसाळ्यात कोरडा पाचटाचा थर, एवढे तरी द्यावे. पाचट जाळून टाकण्यापेक्षा वासराखाली घालणे बरे.

पहिला जंताचा डोस दहा ते पंधरा दिवसांत. "एवढ्याशा वासराला जंत कुठून?" असे विचारतात. गोल जंत आईच्या दुधातूनच येतात. पुढे सहा महिने दर महिन्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस द्यावा. हगवण लागली तर दूध एकदम तोडू नये. मीठ-साखरेचे पाणी अधूनमधून पाजावे आणि डॉक्टरांना बोलवावे. गोचीड ही संकरित वासराची मोठी वैरीण. तिच्यापासून होणारा गोचीड ताप देशी वासरू बरेचदा सोसते, संकरित वासरू त्यात जाते. भिंतीच्या फटी लिंपणे आणि फवारणी हे गोठ्याचे काम आहे, नुसत्या वासराचे नाही.

बिबट्याचा मुद्दा आता टाळता येत नाही. शिरूरच्या उसात बिबटे पिले घालतात, दौंडातही येतात. उघड्यावर बांधलेले वासरू हे त्यांचे सोपे भक्ष्य. म्हणून लोक रात्री वासरे पत्र्याच्या बंद खोलीत कोंडतात. भीती रास्त आहे, पण त्या खोलीत मुताचा वास कोंडतो आणि सकाळी वासरे खोकत बाहेर येतात. चारही बाजूंनी जाळी मारलेला, वरून पक्का, खालून कोरडा असा छोटा कोंडवाडा केला तर दोन्ही संकटे टळतात. विहिरीच्या मोटारीला पेटी करतो, तशी ही वासराची पेटी समजावी.

गोऱ्ह्याचे काय?

एक कडवट गोष्ट. गोऱ्हा जन्मतः कालवडीपेक्षा वजनाने जास्त असतो आणि निसर्गाने पाहिले तर तीन महिन्यांनीही तो पुढेच असायला हवा. आमच्या पाहण्यात बहुतेक गोठ्यांत तो मागे असतो, किंवा नसतोच. म्हणजे वाढ रक्ताने ठरत नाही, आपल्या हाताने ठरते, याला दुसरा पुरावा कशाला हवा? ट्रॅक्टर आला, संकरित बैलाला कोणी विचारत नाही, आणि २०१५ पासून राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. मग काही जण सोपा मार्ग काढतात : दूध द्यायचेच नाही. हे पाप आहे असे आम्ही म्हटले तर सभासदांना राग येईल, पण दुसरा शब्द सुचत नाही. उपाशी मारण्यापेक्षा मुळातच गोऱ्हे कमी जन्मतील असे करावे. लिंगवर्गीकृत वीर्यमात्रा आता मिळतात. त्यांतून बहुतेक कालवडीच होतात. निदान कालवडींना आणि पहिलारू गाईंना त्या वापराव्यात. आणि जन्मलाच गोऱ्हा, तर त्याचा चीक आणि दोन महिन्यांचे दूध त्याला द्यावे.

टेप घ्या, तराजू नको

वासराची वाढ डोळ्याने कळत नाही, रोज बघणाऱ्याला तर नाहीच. वजनकाटा नको, शिंप्याची टेप पुरे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजा. त्याला त्याच आकड्याने गुणा, मग खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. उत्तर किलोत येते. जन्माला घेर २८ आणि लांबी २५ असेल तर वासरू तीस किलोचे. तीन महिन्यांनी घेर ३७ आणि लांबी ३२ भरली तर सहासष्ट किलो झाले, म्हणजे रोजचे चारशे ग्रॅम बरोबर पडले. पन्नाशीच्या आत असेल तर कुठेतरी पाणी मुरते आहे.

कारखान्याने काय करावे

इथवर सभासदांना सांगितले. आता थोडे कारखान्याला आणि दूध संस्थांनाही. खाली लिहितो ते आमचे मत आहे, संचालक मंडळाचा निर्णय नव्हे.

एक, प्रत्येक गट कार्यालयात एक टेप आणि एक वही ठेवावी. चिटबॉय उसाची नोंद घ्यायला शेतावर जातोच. त्याने सभासदाच्या वासराचे जन्माचे, तीस, साठ आणि नव्वद दिवसांचे माप लिहून आणावे. नोंद नसली की प्रत्येक जण आपले वासरू चांगलेच समजतो.

दोन, एकरी विक्रमी उसाला आपण बक्षीस देतो, तसे नव्वद दिवसांत सर्वांत जास्त वाढ झालेल्या कालवडीला गटवार बक्षीस द्यावे. गाईच्या दुधाची स्पर्धा गावोगाव होते, वासराची होत नाही.

तीन, भरडा आणि क्षारमिश्रण सभासदांना ना नफा तत्त्वावर मिळावे. दूध संस्थांनीही कालवड असलेल्या घरी दूध कमी आले तर त्या तीन महिन्यांत त्याला उचल देताना हात आखडू नये.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, या विषयाची शिबिरे बायाबापड्यांसाठी घ्यावीत आणि ती दुपारच्या वेळी, वस्तीवर घ्यावीत. गोठ्यात पहाटे पाचला कोण असते? वासराची बादली कोण भरते? दुधाचे खाते पुरुषाच्या नावावर, कर्ज पुरुषाच्या नावावर, शिबिराचे निमंत्रणही त्यालाच. आणि दूध कमी आले तर बोलणी मात्र घरच्या लक्ष्मीला. वासराला लिटरभर जास्त घालावे असे तिच्या मनात असते, पण कॅनचा आकडा कमी दिसला तर घरात काय होईल या धाकाने ती हात आवरते. हे आम्हाला एकीने नव्हे, अनेकींनी सांगितले आहे. घरात बसून हे एकदा ठरवा की नव्वद दिवस वासराच्या वाट्याबद्दल कोणी तिला जाब विचारायचा नाही.

"शेतकी खात्याने ऊसच पाहावा" म्हणणाऱ्यांना शेवटी एवढेच, की शेणखताशिवाय आपल्या जमिनी टिकणार नाहीत आणि गाईशिवाय शेणखत नाही. बाजारातून गाय आणायला आज लाखाच्या घरात पैसे लागतात, आणि आणलेल्या गाईबरोबर कोणते दुखणे येईल सांगता येत नाही. घरची कालवड घरच्या दावणीला व्याली तर हा सगळा खर्च आणि धोका वाचतो. ज्यांच्या गोठ्यात या महिन्यात गाय व्यायची आहे त्यांनी एक टेप, एक आयोडीनची बाटली आणि एक मापाचे भांडे आणून ठेवावे. वासराला पहिला चीक कधी दिला ते घड्याळ पाहून भिंतीवर लिहावे. नव्वद दिवसांनी आकडे घेऊन गट कार्यालयात या. चांगले आले असतील तर याच पत्रिकेत छापू, वाईट आले असतील तर का आले ते बसून पाहू.